जगाच्या टोकावरील दीप : एका साहसपटाविषयी काही विचार

१

साहसकथा हा प्रकार आपल्या विद्यापीठीय समीक्षेने कुमारवयाच्या हवाली केला आहे, आणि साहसपट तर त्याहूनही हलक्या हाताने सुटीच्या दिवसाच्या करमणुकीत जमा केला आहे. भा. रा. भागवत यांनी ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणल्यामुळे व्हर्न हे नाव मराठी वाचकास परके राहिलेले नाही. परंतु हा परिचय बहुधा शाळकरी वयात होतो आणि तेथेच थांबतो. व्हर्नच्या कथेवर आधारलेल्या एका चित्रपटाचा विचार विभागाच्या पत्रिकेत करावयाचा, तर त्याचे कारण प्रारंभीच सांगणे इष्ट होईल. भाषाशास्त्राच्या वर्गात चिन्हाची कल्पना समजावून देताना प्रस्तुत लेखक गेली अनेक वर्षे दीपगृहाचा दृष्टान्त देत आला आहे. चिन्ह खोटे कसे होते आणि खोटे झाल्यावर काय घडते, हे दाखविणारी कथा म्हणून तो या चित्रपटाकडे वळला. चित्रपटाने प्रश्न अचूक मांडला आहे, उत्तर मात्र चुकविले आहे, असे त्याचे मत झाले. हे मत सकारण मांडणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

चित्रपट ‘द लाइट ॲट द एज ऑफ द वर्ल्ड’ हा होय. तो १९७१ साली प्रदर्शित झाला. दिग्दर्शक केव्हिन बिलिंग्टन, छायालेखक आंरी दकाए, संगीतकार पिएरो पिच्चोनी. प्रमुख भूमिका कर्क डग्लस, यूल ब्रिनर, सामँथा एगर आणि फेर्नांदो रे यांच्या. व्हर्नची मूळ फ्रेंच कादंबरी १९०५ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूच्याच वर्षी, मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. तिच्यावरून त्याचा पुत्र मिशेल याचा हात फिरलेला होता.

२

कथेचे स्थळ दक्षिण अमेरिकेच्या अगदी खालच्या टोकाशी, तिएरा देल फ्वेगोच्या पूर्वेस असलेले ‘ईस्ला दे लोस एस्तादोस’ हे ओसाड बेट होय. अटलांटिकमधून केप हॉर्नला वळसा घालून पॅसिफिकमध्ये जाणाऱ्या शिडाच्या जहाजांना हे बेट चुकविता येत नसे. पनामाचा कालवा १९१४ साली खुला झाला. तोपर्यंत या दोन महासागरांमधील वाहतुकीचा हा एक प्रमुख मार्ग होता. अर्जेंटिनाच्या शासनाने या बेटावर ‘सान हुआन दे साल्वामेंतो’ नावाचे दीपगृह उभारले आणि ते १८८४ साली प्रज्वलित झाले. ते लाकडी, बेताच्या उंचीचे होते, आणि १९०२ साली बंद करण्यात आले. व्हर्नने आपल्या कथेतील दीपगृह मात्र १८५९ साली, म्हणजे वास्तवापूर्वी पाव शतक, पेटविले आणि त्याला दगडी मनोरा दिला. व्हर्न तेथे कधीही गेला नव्हता. परंतु कल्पनेचे दीपगृह वास्तवातील दीपगृहापेक्षा भक्कम असावे, हे त्याच्या कथेच्या आशयाशी सुसंगतच आहे.

कादंबरीचे कथासूत्र असे. वास्केस, फेलिपे आणि मोरिस हे तीन रक्षक दीपगृहावर ठेवून ‘सांता फे’ हे सरकारी जहाज परत जाते. तीन महिन्यांनी नवे रक्षक घेऊन ते यावयाचे आहे. बेटाच्या दुसऱ्या टोकाला कोंग्रे नावाच्या म्होरक्याची चाच्यांची टोळी दडून आहे. एक जहाज हाती लागताच ही टोळी दीपगृहाच्या उपसागरात शिरते. आलेले जहाज मित्राचे समजून सामोरे गेलेले दोघे रक्षक मारले जातात; मनोऱ्यावरून हे पाहणारा वास्केस तेवढा वाचतो. त्याच रात्री दिवा विझतो. पुढे ‘सेंचुरी’ नावाचे अमेरिकन जहाज काळोखात खडकावर फुटते. त्यातून जॉन डेव्हिस हा एकटाच जिवंत सुटतो, आणि ‘सांता फे’ परत येईपर्यंत चाच्यांना बेटाबाहेर पडू द्यावयाचे नाही असा निश्चय हे दोघे करतात.

चित्रपटाने काळ १८६५ पर्यंत पुढे आणला आणि रक्षकांची अदलाबदल केली. वृद्ध मोरिस (फेर्नांदो रे) आणि तरुण फेलिपे (मास्सिमो रानिएरी) कायम राहिले. वास्केसच्या जागी मात्र विल डेंटन (कर्क डग्लस) हा अमेरिकन मनुष्य आला. त्याच्या पूर्वायुष्यात एक भंगलेले प्रेम आहे, एक हत्या आहे, आणि या साऱ्यापासून दूर जाण्यासाठी त्याने हे बेट पत्करले आहे. जॉन डेव्हिसच्या जागी मोंतेफिओरे हा बुडालेल्या जहाजावरील इटालियन अभियंता येतो. कादंबरीत जिला स्थान नाही अशी ॲराबेला ही स्त्रीही त्याच जहाजातून येते आणि कोंग्रेच्या हाती सापडते.

३

आता दीपाकडे वळू. दीपगृहाचा प्रकाश हा वस्तू दाखविणारा प्रकाश नव्हे. कंदिलाच्या उजेडात आपण पुस्तक वाचतो. दीपगृहाच्या उजेडात कोणी काही वाचीत नाही, तर तो उजेडच वाचतो. म्हणजे तो एक उच्चार आहे. ‘मी अमुक ठिकाणी आहे’ एवढेच एक वाक्य तो रात्रभर उच्चारीत असतो. किनाऱ्यावर दीपगृहे अनेक असली म्हणजे त्यांचे दिवे एकमेकांहून वेगळे ठेवावे लागतात: कोणी स्थिर, कोणी ठराविक अंतराने लुकलुकणारा, कोणी रंगीत. भेदावाचून चिन्हाला अर्थ नाही, या सोस्यूरच्या सिद्धान्ताचे याहून स्वच्छ उदाहरण शोधूनही मिळणार नाही.

व्हर्नच्या कादंबरीत या दृष्टीने फार मार्मिक तपशील आहे. तेथील दिवा स्थिर आणि पांढरा ठेवलेला आहे, कारण त्या समुद्रात दुसरा दिवाच नाही. गोंधळ होण्याचा संभव नाही. म्हणजे या चिन्हाचा भेद दुसऱ्या दिव्याशी नसून केवळ काळोखाशी आहे. येथे पाणिनीच्या ‘लोप’ या कल्पनेचे स्मरण होते. जेथे काही असावयास हवे तेथे ते नसणे, हेही व्याकरणात कार्यकारी असते. दीपगृह उभारण्यापूर्वी त्या बेटावरचा काळोख मुका होता. तो कोणास काही सांगत नव्हता आणि म्हणून फसवीतही नव्हता. दीपगृह उभे राहिल्यावर त्याच काळोखाला अर्थ आला: ‘बेट अद्याप दूर आहे.’ दिवा विझविणारा कोंग्रे बेटाला पूर्वस्थितीत नेत नाही. तो काळोखाला खोटे बोलावयास लावतो. चाच्यांचा पहिला आणि सर्वांत भयंकर गुन्हा दोन माणसांच्या हत्येइतकाच, किंबहुना अधिकच, हा आहे. हत्येने दोघे मेले. या असत्याने पुढे येणाऱ्या प्रत्येक जहाजाचा घात ठरला.

चित्रपट याच्याही एक पाऊल पुढे जातो. येथे चाचे खरा दिवा मालवून खोट्या उजेडाने जहाजांना खडकावर ओढतात. असल्या खोट्या दिव्यांच्या कथा युरोपच्या किनाऱ्यांवर फार प्रचलित आहेत. इंग्लंडमध्ये १७५३ च्या कायद्याने या कृत्यास मृत्युदंडाची शिक्षा ठेवली होती. प्रत्यक्षात असे प्रकार कितपत घडत, याविषयी मात्र इतिहासकार साशंक आहेत. त्यांच्या शंकेचे एक कारण भाषाशास्त्रज्ञाला विशेष पटण्यासारखे आहे. अनोळखी किनाऱ्यावर दिसणारा कोणताही दिवा खलाशाला ‘येथे जमीन आहे, दूर राहा’ असेच सांगतो. तो जहाजाला ओढून घेणार नाही, उलट हाकलून देईल. फसवावयाचे तर खलाशी ज्यावर विश्वास ठेवतो त्या नेमक्या चिन्हाचेच सोंग घेतले पाहिजे. असत्य हे नेहमी सत्याच्या व्याकरणातच बोलावे लागते. चिन्ह खोटे करावयाचे तर ते आधी पूर्णपणे शिकावे लागते.

चार्ल्स हॉकेट यांनी मानवी भाषेची जी व्यवच्छेदक लक्षणे सांगितली, त्यांत पुढे असत्य बोलण्याच्या क्षमतेचाही समावेश केला. आणि उम्बेर्तो एको यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात ज्याने खोटे बोलता येते ते सारे चिन्हमीमांसेचे क्षेत्र मानले. आपल्याकडील नैयायिकांनी हाच प्रश्न उलट्या बाजूने हाताळला. शब्द प्रमाण केव्हा ठरतो, असा त्यांचा प्रश्न. आणि उत्तर असे की, बोलणारा आप्त असेल तेव्हा. आप्त म्हणजे वस्तू जशी आहे तशी जाणणारा आणि तशीच सांगण्याची इच्छा असणारा. वात्स्यायनाने हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू केले आहे, हे विसरून चालणार नाही. अनोळखी समुद्रात, न पाहिलेल्या माणसाने लावलेला दिवा प्रमाण मानून जहाज हाकणारा कप्तान याच तत्त्वावर जगत असतो. दीपगृहाचा रक्षक हा त्याचा आप्त आहे. त्यांची गाठ कधी पडावयाची नाही, परंतु त्या आप्तत्वावरच जहाजावरील सर्वांचे प्राण अवलंबून आहेत.

४

या कसोटीवर चित्रपट पाहू लागले म्हणजे त्याचा पूर्वार्ध किती समर्थ आहे हे ध्यानात येते. स्पेनच्या ईशान्य टोकाला कादाकेसजवळ काप दे क्रेउस नावाचे भूशिर आहे. चित्रण तेथे झाले. वाऱ्याने कुरतडलेले ते खडक हॉर्नच्या परिसरातील नव्हेत, पण दकाएंच्या छायालेखनामुळे ते कोठल्याही ओळखीच्या देशातले वाटत नाहीत, हे खरे. एकटा पडलेला डेंटन या खडकांच्या कपारीत शिरतो तेव्हा बराच काळ संवाद जवळजवळ थांबतात. बोलावयास कोणी नसले म्हणजे माणसाचे काय होते, हे डग्लस केवळ देहाने दाखवितात.

याहून कौतुक करावयाचे ते यूल ब्रिनर यांच्या कोंग्रेचे. हा चाचा आरडाओरडा करीत नाही. त्याची वागणूक खानदानी, बोलणे आर्जवी, पोशाख नेटका. सौजन्याची सारी चिन्हे त्याला अवगत आहेत आणि तो ती मनापासून वापरतो. फक्त त्यांच्यामागे सौजन्य नाही. तो स्वतःच एक खोटा दिवा आहे. दिव्याच्या असत्याला माणसाच्या असत्याची अशी जोड देणे, ही पटकथेची फार मोठी सूझ म्हटली पाहिजे. व्हर्नचा कोंग्रे क्रूर आहे, पण एवढा अर्थपूर्ण नाही.

डेंटनच्या योजनेतही असेच सामर्थ्य दडलेले होते. या मनुष्याला जगाशी काहीही बोलावयाचे नाही. म्हणूनच तो जगाच्या टोकाला आला. पण त्याने पत्करलेला व्यवसाय कोणता? तर रोज रात्री अपरिचित जगाशी बोलण्याचा! ज्याला श्रोता नको आहे, तो हजारो श्रोत्यांसाठी राखलेल्या एका वाक्याचा रक्षक आहे. वास्केस हा कर्तव्यनिष्ठ खलाशी. दिवा विझला तेव्हा त्याला आपल्या कामाचा अपमान जाणवला. डेंटनला त्याहून खोल काही जाणवावयास हवे होते. दिवा असेपर्यंत त्याला एकांत हवा होता. दिवा विझल्यावर तो एकांत कशाचा बनला आहे, हे त्याला कळावयास हवे होते. चित्रपट येथपर्यंत येऊन उभा राहतो. आता तो काय करणार, ही खरी उत्कंठा आहे.

५

खेदाची गोष्ट अशी की, येथून चित्रपट दिव्याला विसरतो.

मोंतेफिओरे डेंटनला सापडतो तेव्हा बेटावर पुन्हा एकदा दोन माणसे बोलू लागतात. कादंबरीत वास्केस आणि डेव्हिस यांच्या भेटीनंतर सारी कथा पालटते: ‘मी कसा वाचेन’ याच्या जागी ‘आपण त्यांना कसे अडवू’ असा विचार सुरू होतो. ते बुडालेल्या जहाजाची तोफ वर काढतात, चाच्यांच्या जहाजाच्या सुकाणूवर स्फोटकाचा प्रयोग करतात, दिवस मोजतात. चित्रपटात मोंतेफिओरे पकडला जातो, चाचे त्याची जिवंतपणी कातडी सोलू लागतात, आणि त्या यातनांतून सोडविण्यासाठी डेंटनला दुरून त्याच्यावर गोळी झाडावी लागते. दृश्य म्हणून हे विलक्षण परिणामकारक आहे आणि पाहणाऱ्याच्या मनातून सहजी जात नाही. तथापि त्याचा अर्थ काय होतो ते पाहावे. बेटावर उरलेल्या एकमेव श्रोत्याशी डेंटनचा शेवटचा व्यवहार बंदुकीच्या गोळीने होतो. ती गोळी करुणेची आहे, हे मान्य. पण तिच्यानंतर डेंटनला दुसरी भाषा उरत नाही.

उत्तरार्ध याच भाषेत चालतो. पाठलाग, सापळे, कोंग्रेने मांडलेली माणसाची शिकार आणि ॲराबेलेची दुर्दशा यांचा क्रम लागतो. शेवटी डेंटन तोफेने चाच्यांचे जहाज बुडवितो आणि दीपगृहातच त्याची व कोंग्रेची अखेरची झुंज होते. ज्वाळांनी वेढलेला कोंग्रे उंचावरून कोसळतो आणि डेंटन उरतो.

याशेजारी व्हर्नचा शेवट ठेवून पाहावा. ‘सांता फे’ परत येत आहे. रात्र पडली आहे. दिवा नसेल तर तेही जहाज खडकांवर जाईल. वास्केस जिवावर उदार होऊन मनोऱ्यात शिरतो, लोखंडी दार आतून बंद करतो आणि तीन महिन्यांची मुदत संपत असताना दिवा पुन्हा पेटवितो. चाचे खालून दार फोडू पाहतात, विजेच्या निवारकाच्या आधाराने वर चढू पाहतात. वास्केस आणि डेव्हिस त्यांना रोखून धरतात, आणि दरम्यान जहाज त्या प्रकाशाच्या आधाराने सुखरूप आत येते. कोंग्रे नंतर स्वतःच्याच हाताने मरतो. त्याला मारणे हे नायकाचे कार्यच नाही. नायकाचे कार्य दिवा लावणे हे होते. असत्याचे निवारण असत्य बोलणाऱ्याला ठार करून होत नाही, ते सत्य पुन्हा उच्चारून होते. व्हर्नच्या साध्या, कुमारांसाठी म्हणून समजल्या जाणाऱ्या कथेत ही गोष्ट अशी कृतीतून सिद्ध झाली आहे.

चित्रपटातही दीपगृहात अखेरीस अग्नी परत येतो, परंतु तो एका माणसाला जाळण्यासाठी. ज्या अग्नीने जहाजांशी बोलावयाचे, त्याचे शस्त्र झाले. कोंग्रे मेला तरी कोंग्रेचा न्याय जिंकला, असेच म्हणावे लागते. कारण दिव्याला हत्याराप्रमाणे वापरावे हा विचार मुळात कोंग्रेचाच होता.

६

यावर दोन आक्षेप येऊ शकतील. पहिला असा की, कादंबरीशी एकनिष्ठ राहण्याचे बंधन चित्रपटावर घालणे योग्य नव्हे. हे तत्त्व मान्यच आहे, आणि वर कोंग्रेच्या बाबतीत चित्रपट कादंबरीपेक्षा सरस ठरल्याचे नमूदही केले आहे. येथे तुलना केली ती निष्ठेची कसोटी म्हणून नव्हे, तर एकाच प्रश्नाची दोन उत्तरे पडताळण्यासाठी. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चित्रपट निराशावादी आहे. एकटा मनुष्य सूड घेऊ शकतो, पण जगाची घडी पुन्हा बसवू शकत नाही, हेच त्याला सांगावयाचे असेल. तसे असेल तर आक्षेप उत्तराला नसून ते कमावले गेले नाही, याला आहे. दिवा पुन्हा लावण्याचा विचार नायकाच्या मनात यावा, तो त्याने करून पाहावा आणि त्यात त्याला अपयश यावे, असे घडले असते तर ती शोकान्तिका ठरली असती. प्रयत्नच केलेला नसताना निराश होणे ही शोकान्तिका नव्हे. पटकथेने नायकाला भूतकाळातील प्रेमभंग देऊन त्याच्या एकांताचे कारण व्यक्तिगत केले, तेव्हाच दिवा ही केवळ पार्श्वभूमी होऊ लागली होती. ज्या मनुष्याचे दुःख दिव्यापूर्वीचे आहे, त्याला दिवा विझल्याचे दुःख कितीसे होणार?

चित्रपटाच्या नावातही या बदलाची खूण सापडते. मूळ फ्रेंच नावातील ‘फार’ म्हणजे दीपगृह आणि ‘बू’ म्हणजे टोक, शेवट. टोकाला पोहोचता येते आणि तेथून परतताही येते. इंग्रजी नावातील ‘एज’ म्हणजे कड. कडेवरून कोसळता येते. व्हर्नला जगाच्या टोकाशीही वस्ती करावयाची होती. चित्रपटाला त्या कडेवरून खाली पाहण्याचे आकर्षण अधिक आहे.

७

सारांश, ‘द लाइट ॲट द एज ऑफ द वर्ल्ड’ हा उपेक्षा करण्याजोगा चित्रपट नव्हे. त्याचा पूर्वार्ध, त्याचे छायालेखन आणि विशेषतः ब्रिनर यांनी उभा केलेला सौजन्यशील कोंग्रे यांच्यामुळे असत्याचे स्वरूप त्यात जितके स्पष्ट झाले आहे, तितके ते अनेक गंभीर म्हणविणाऱ्या कृतींतही होत नाही. परंतु एकटा वाचलेला मनुष्य ही कल्पना त्याने फार उथळ घेतली. वाचणे म्हणजे जिवंत राहणे एवढेच असेल, तर डेंटन वाचला. पण दीपगृहाच्या रक्षकाचे वाचणे याहून निराळे असते. त्याचे वाक्य वाचले तर तो वाचला. वास्केस मनोऱ्यात शिरून दिवा लावतो त्या क्षणी तो एकटा राहत नाही. समुद्रावरचा न दिसणारा कप्तान त्याचा सोबती होतो, कारण त्याचा शब्द पुन्हा प्रमाण ठरला आहे. डेंटनपाशी अखेर शत्रू उरत नाही, मित्र उरत नाही आणि बोलावयाचे वाक्यही उरत नाही.

वर्गात दीपगृहाचा दृष्टान्त यापुढेही प्रस्तुत लेखक देईल. पण चिन्ह आणि अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो एवढे सांगून तो थांबणार नाही. संबंध यादृच्छिक असला तरी तो राखणारा मनुष्य लागतो. रात्री उठून तेल पाहणारा, काच पुसणारा, आणि ज्याला आपण कधी पाहणार नाही त्याच्यासाठी दिवा लावणारा. चिन्हव्यवस्थेच्या आकृतीत त्याला जागा दाखविलेली नसते. व्हर्नच्या कथेत तो दिसतो. चित्रपटाने त्याला दाखविण्याची संधी घालविली.